एकच कमांड

प्रोग्राममधल्या चुका पकडणारा डीबगर बनवणं हे तिचं काम. संगणकाच्या तिन्ही प्रमुख ऑपरेटिंग सिस्टीमना एकाच कमांडने विचारायचं, "आत काय चाललंय?", हा तिचा हट्ट. आज तिन्हींकडून शब्दन्‌शब्द सारखं उत्तर आलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

"प्रश्न एक असला तरी उत्तर ज्याचं त्याचं हवं. हे पढवलेले पोपट आहेत," म्हणत तिने सहकाऱ्याला कोड परत केला.

घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "काल संध्याकाळी कुठे होतास?"

"मीटिंग लांबली, फोन सायलेंटवर होता."

सासूबाईंना विचारलं. "मीटिंग लांबली गं, फोन सायलेंटवर होता."

मग चार वर्षांच्या लेकीला मांडीवर घेतलं. "बाबा काल कुठे होता गं?"


"मीटिंग लांबली, फोन... आजी, पुढे काय म्हणायचं?"