वरचं मीठ

"आधी तू खाऊन पाह्य," म्हणत प्रभाकररावांनी पावाचा तुकडा बायकोपुढे सरकवला.

वच्छलाबाईंनी तो चावला. "फिक्का हाये. कापूस चावल्यासारखा."

"मंग मी नाई खात. मीठ निम्मं घाल, पण पाव खारा लागला पाह्यजे."

आता या माणसापुढे कोण डोकं फोडणार! नाचणगावात वीस वर्षं दोघांची पावाची भट्टी. पुलगावच्या डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं, पण निकाल ऐकायला हे एकटेच आत गेले. बाहेर आले ते तोंड पाडून. बीपी एकशे नव्वद, मीठ निम्मं करा. येताना बायकोसाठी ताकदीच्या गोळ्या मात्र न विसरता आणल्या.

वच्छलाबाईंची आई बीपी वाढून लकव्याने खाटेवर पडूनच गेली होती. "माह्यं बीपी निघालं असतं, तर मी धसक्यानंच गेली असती," त्या शेजारच्या शकुंतलाबाईंना म्हणाल्या. मीठ लावून मिरची खाणारी बाई ती. पण नवऱ्यासमोर खारं कसं खायचं, म्हणून लोणचं-पापडही सोडलं.

पाव काही जमेना. कणकेत मीठ कमी केलं तर खमीर मोकाट सुटलं आणि पाव भट्टीतच बसले. लिंबू पिळून पाहिलं, तो पाव दारातल्या गाईनेही हुंगून सोडला. शेवटी आत नावालाच मीठ घातलं आणि भाजायच्या आधी ओल्या पाठीवर जाड्या मिठाचे चार दाणे दाबले.

वच्छलाबाईंनी घास घेतला. दाणा आधी जिभेला लागला. प्रभाकरराव त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसले होते.

"खारा हाये. मस्त खारा."

तेव्हा कुठे प्रभाकररावांनी उरलेला पाव उचलला.

तीन महिने घरात तोच पाव. मग पुन्हा पुलगाव. डॉक्टरांनी दोघांच्याही दंडाला पट्टा बांधला, मान हलवली, चिठ्ठी लिहिली आणि घडी करून प्रभाकररावांच्या हातात दिली. नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर आपण काय करायचं, एवढंच वच्छलाबाईंच्या डोक्यात.

"सांगा नं, किती आलं?"

प्रभाकररावांनी बाजूला होऊन चिठ्ठी उघडली. प्रभाकरराव: तेव्हा १२०, आता १२०. वच्छलाबाई: तेव्हा १९०, आता १३०.

त्यांनी चिठ्ठी खिशात कोंबली आणि डोळे पुसले.

"उतरलं वं माह्यं," ते म्हणाले.