एका दमात एकोणतीस

माण तालुक्यातल्या एका शाळेत सोवनी गुरुजींनी दोन वर्षं छडी झिजवली, तरी चौथीला एकोणतीसचा पाढा काही येईना. तपासणीच्या साहेबांचा शेरा चांगला पडला, तरच गुरुजींची घराजवळ, वाईला बदली होणार होती.

एकदा मधल्या सुट्टीत तीच पोरं देवळामागं हुतूतू खेळताना दिसली. ‘हुतूतू’च्या जागी एका दमात अख्खा एकोणतीसचा पाढा, आणि चूक एक नाही! गुरुजी हरखले. सोमवारपासून हुतूतूचा तास लागला. शिट्टी आली, हजेरी आली, दहापैकी मार्क आले आणि दम तुटला की छडीही आलीच.

तपासणीच्या दिवशी साहेबांपुढं मात्र एकाचाही पाढा निम्म्याच्या पुढं सरकला नाही.

“पोरंच ढ, साहेब. मी तरी काय करणार?” गुरुजी म्हणाले. साहेबांनी शेरा लिहिला. वाई राहिली वाईच्या जागी.

संध्याकाळी गुरुजी देवळावरून चालले होते, तर देवळामागून एका दमात जिल्ह्यातल्या नद्या वाहत आल्या. “कृष्णा, कोयना, वेण्णा, येरळा, माणगंगा...”

आणि पाठोपाठ त्याच पोरांतल्या चंद्राचा दबका आवाज.



“हळू म्हण की रं ज्ञानू. गुरुजींनी ऐकलं, तर ह्याचाबी तास लावतील.”