चौथी बरणी

हारिकाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“अगं, टाक ना!” कामेश्वरीगारू म्हणाल्या. “फोनवर व्हिडिओ चालू आहे. अख्खं विजयवाडा तुझे हात बघणार आहे, आणि तू मास्तरांपुढे उभी राहिल्यासारखी काय उभी राहतेस?”

परातीत कैरीच्या फोडी होत्या. कोयीच्या कवचासकट चिरलेल्या, एकेक करून कोरड्या पुसलेल्या. त्यांच्यावर मोहरीची पूड, मीठ, मेथ्या. तिळाचं तेल बाजूला वाट बघत होतं. आवकायच्या लोणच्यात आता फक्त तिखट पडायचं राहिलं होतं. ते लाल पाकीट हारिकाच्या कंपनीचं होतं.

त्या पाकिटासाठीच तिला कंपनीने दोन वर्षांपूर्वी या बाईंच्या ब्लॉगमागे लावलं होतं. घरोघरच्या बायका कामेश्वरीगारूंचं वाचून फोडणी देत. कंपनीतल्या फणींद्र साहेबांची शिकवण साधी होती. आधी मागायचं नाही, आधी माणूस जोडायचं. प्रत्येक पाककृतीखाली आपल्या घरातलं काहीतरी लिहायचं. हारिका लिहायची. ‘आमची अम्मा यात चिंचेऐवजी अंबाडी घालते.’ ‘आमच्या अम्माला मिक्सर दिसला की ती तोंड फिरवते, पाट्याकडे बघून हसते.’ कामेश्वरीगारू कुठल्याच कंपनीला दारात उभं करत नसत, पण हारिकाला उत्तरं देऊ लागल्या. पुढे फोनवर बोलू लागल्या. “मानाने गारू गारू काय करतेस? पिन्नी म्हण. तुझ्या अम्माची धाकटी बहीण शोभेन मी,” असंही म्हणाल्या होत्या. हारिका गारूच म्हणत राहिली. आणि या उन्हाळ्यात त्या एकदाच्या कबूल झाल्या. “कंपनीचं तिखट मी घेत नाही. तुझं घेईन. तू ये, तुझ्या हाताने घाल.”

सकाळी साहेबांचा फोन आला होता. “आज व्हिडिओ झाला तर नोकरी पक्की. नाही झाला, तर पुढच्या महिन्यापासून मला तुला ठेवता येणार नाही. आणि हे बघ, बाई अडली तर अम्माचं सांग. लगेच विरघळेल. वाईट वाटून घेऊ नकोस.”

हारिकाला वाईट वाटलं नव्हतं. संक्रांतीपासून तिला वाईटही वाटत नव्हतं आणि बरंही. नदीतल्या दगडासारखं झालं होतं. पाणी वरून जात होतं, आत काही शिरत नव्हतं.

एक मूठ तिखट. कुणाला कळणार होतं? पण हात पुढे येईनात.

“माझा हात नको लागायला,” ती म्हणाली. “लोणचं नासेल. आमच्या घरात दुखवट्याचं वर्ष चालू आहे.”

कामेश्वरीगारूंनी कोपराने फोन पालथा पाडला.

“कोण गं?”

“अम्मा.”

“कधी?”

“संक्रांतीच्या आधी.”

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज गल्लीच्या वळणावर विरला.

“तरीच,” कामेश्वरीगारू म्हणाल्या. “तेव्हापासून तू अम्माचं काही लिहिलंच नाहीस. नुसतं ‘छान’, ‘सुंदर’, ‘नक्की करून बघते.’ मला वाटलं, मायलेकींचं भांडण झालंय.”

त्या उठल्या. फळीवर पहिल्या घाण्याच्या चार बरण्या होत्या. तीन मोठ्या, परदेशातल्या मुलांसाठी. चौथी लहान, तोंडाला पिवळं फडकं बांधलेली.

“ही तुझ्या अम्मासाठी भरली होती. म्हटलं, पोरगी आज घेऊन जाईल, म्हातारी चाखून नावं ठेवेल, तेवढ्यात दोघींचा अबोला सुटेल.” फडक्याची गाठ त्यांनी उगाचच पुन्हा आवळली. “तुमच्याकडे यंदा कुणी आणून दिलं की नाही?”

हारिकाने मान हलवली. अशा वर्षी घरात लोणचं घालायचं नसतं, पण घर लोणच्यावाचून ठेवायचंही नसतं. नात्यातल्या कुणीतरी आणून द्यायचं असतं. त्यांच्याकडे कुणी आलं नव्हतं.

कामेश्वरीगारूंनी बरणी तिच्या हातात दिली. “घालायला चालत नाही. खायला काय धाड भरली आहे? आण ते पाकीट, मी घालते माझ्या हाताने. फोन उभा कर परत.”

हारिकाने पाकिटाकडे पाहिलं.

“नको. साहेब म्हणालेच होते, अम्माचं सांग, बाई विरघळतील.”

“मग विरघळलेच की मी! तुझा साहेब गाढव असेल, पण माणसं बरोबर ओळखतो.”

हारिका हसली नाही. तिने पाकिटाचं तोंड दुमडलं आणि ते पिशवीत परत ठेवलं.

बसमध्ये फोन वाजला. “झालं का?” साहेबांनी विचारलं. “नाही,” ती म्हणाली. पुढचं सगळं तिने ऐकून घेतलं. बरणी मांडीवर होती, दोन्ही हातांत धरलेली. वळणावर बस कलंडली तेव्हाही तिने दांडा धरला नाही.

घरी नान्ना, तिचे वडील, ताटावर बसले होते. महिनोन् महिने चालला होता तोच दहीभात. तिने गरम भात वाढला, त्यावर बरणीतली फोड ठेवली. लाल तेल भातात उतरू लागलं. नान्ना त्या पिवळ्या फडक्याकडे बघत राहिले.

“कुणी दिलं?”

“पिन्नीने.”

अम्मा आईबापांची एकुलती एक होती.

नान्नांनी भात कालवला. पहिला घास घेतला, बराच वेळ चावला.

“पिन्नीला सांग,” ते म्हणाले, “मीठ बरोबर पडलंय.”