तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेली गाडी

बॅगा डिकीत गेल्या, मिस्त्री पुढच्या सीटवर बसले, मुलाने किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. लागला तो विझेचना.

"बंद कर," मिस्त्री म्हणाले. "दहा मिनिटांचं काम आहे."

चाळीस वर्षं त्यांनी याच शेडमध्ये गाड्या दुरुस्त केल्या होत्या. आता नजर अधू झाली होती, डाव्या हाताची पकड गेली होती, आणि मुलगा त्यांना आपल्या घरी कायमचं न्यायला आला होता. शेड आणि मागची खोली शेजारच्या पेंटरला देऊन झाली होती. त्याचे रंगाचे डबे कोपऱ्यात येऊनही पडले होते. नातीच्या खोलीत आपली खाट पडणार, हे मिस्त्रींनी महिनाभरात पेंटरला इतक्यांदा सांगितलं होतं, की तो बिचारा मान डोलावून थकला होता.

गाडी मुलाची. सोळा वर्षं जुनी, ऑटोमॅटिक. मिस्त्रींनी स्कॅनर लावला. हवा मोजणाऱ्या सेन्सरचा सॉकेट ढिला झाला होता. तो सापडेपर्यंत दहा मिनिटांची दुपार झाली. लांबचा पल्ला, म्हणून निघणं उद्यावर गेलं.

दुसऱ्या दिवशी गिअरचा दिवा लुकलुकू लागला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकली. कोपऱ्यावरच्या चढाला ती अशी धापा टाकायला लागली की एक सायकलवाला पुढे निघून गेला, आणि जाताना वळून हसला.

"काही बिनसलं की गिअरबॉक्स स्वतःला असा बांधून घेतो," मिस्त्री म्हणाले.

"माहीत आहे, बाबा. सगळ्या सुट्ट्या इथेच तर गेल्या माझ्या."

गाडी परत शेडमध्ये आली. मिस्त्रींनी गिअरचं ऑइल बोटावर घेऊन हुंगलं. जळका वास नव्हता. स्कॅनर म्हणत होता, स्पीड सेन्सरचा सिग्नल येत नाही. त्यांनी सॉकेट काढून पुसला, सेन्सर साफ केला, वायर टोकापासून टोकापर्यंत चाचपली. मुलगा दिवा धरून उभा होता. नट तीनदा हातातून निसटला आणि तिन्ही वेळा मुलानेच तो उचलून दिला. एका शब्दाने कुरकुरला नाही. लहानपणी हाच मुलगा पाच मिनिटं दिवा धरायला सांगितलं तर नाक मुरडायचा.

संध्याकाळी गाडी पुन्हा सुरळीत चालायला लागली. का, ते मिस्त्रींना कळेना. बिघाड सापडला नाही आणि आपोआप गेला, की त्यांना तो अपमानच वाटायचा.

मुलगा फाटकापाशी फोनवर बोलत होता. "नाही, आजही नाही. बाबा बघतायत... हो, सांगितलं ना, बघतो काहीतरी."

"काय म्हणते सूनबाई?" तो परत आल्यावर मिस्त्रींनी विचारलं.

"वाट बघतेय." त्याने फोन खिशात टाकला. "बाबा, तुम्ही एवढी दगदग करू नका. मी गाडी तिकडे नीट करून घेतो आणि पुढच्या महिन्यात येतो न्यायला."

"तोवर पेंटर मलाच रंगवून ठेवेल," मिस्त्री म्हणाले. पण त्यांना हसू आलं नाही. मुलगा आत गेल्यावर ते बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. ज्या हातांनी दुसऱ्यांनी सोडून दिलेल्या गाड्या चालत्या केल्या, त्यांना घरची एक गाडी उमगत नव्हती. मुलाची रजा आपल्यापायी वाया जातेय, याची त्यांना लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी किल्ली फिरवताच दोन्ही दिवे लागले.

मुलाने कपाळाला हात लावला. मिस्त्रींनी या वेळी स्कॅनर आणला नाही. बॉनेट उघडलं, आत हात घातला, काहीतरी चाचपलं, दाबलं, आणि फडक्याला हात पुसत म्हणाले, "गिअरबॉक्स जायला आलाय."

"म्हणजे?"

"दोघांचं वजन, एवढ्या बॅगा, एवढा पल्ला. झेपायचं नाही तिला. तू एकटा सावकाश गेलास तर पोचशील."

"आणि तुम्ही?"

"मी येईन मागाहून."

"असं कसं, बाबा? एवढी सगळी तयारी झाल्यावर..."

"मिस्त्री कोण, तू का मी?"

मुलगा डॅशबोर्डकडे बघत राहिला. मग उतरला आणि मिस्त्रींच्या बॅगा त्याने एकेक करून डिकीतून खाली ठेवल्या. शेवटची ठेवल्यावर त्यांचा खांदा दाबला. "पुढच्या महिन्यात नक्की."

"हो. पोचलास की फोन कर."

गाडी फाटकाबाहेर पडली. पेंटर शिडीवर उभा राहून शेडच्या पाटीवरचं जुनं नाव खरवडत होता. त्याने हात थांबवून कोपऱ्याकडे पाहिलं.

"मिस्त्री, गाडी तर काय मस्त चढली चढ. गिअरही झकास पडले."

"पडणारच." मिस्त्रींनी एक बॅग उचलली, परत खाली ठेवली. "पेंटर, मागच्या खोलीत माझी खाट राहू देशील? काही दिवस."

"राहा की. मी कुठे हाकलतोय तुम्हाला?" पेंटर शिडीवरून खाली उतरला. "पण एवढं झालं काय होतं गाडीला?"

"गाडीला काही नाही," मिस्त्री म्हणाले. "पोरगाच रोज पहाटे उठून सॉकेट ओढून ठेवायचा. आज मला खिडकीतून दिसला."