तोंडाला कुलूप

सान ब्लासहून समुद्राकाठानं मासात्लानकडे गाडी चालवताना नायेली शेजारी बसलेल्या आईला बजावत होती. मत्स्यालयातली नायेलीची ही पहिलीच नोकरी, अजून महिनाही झाला नव्हता; आज ती आईला ते दाखवायला नेत होती.

"तिथे कुठला मासा कसा चांगला लागतो ते सांगत बसू नकोस. आणि साहेबांनी विचारलंच, तर आपलं दुकान आहे म्हण. कसलं, ते नको."

"बरं बाई, तोंडाला कुलूप!" आई हसली.

मोठ्या टाकीसमोर ती खरंच ओठ मिटून उभी राहिली. नायेलीच्या साहेबांनी, डॉक्टर उरीबेंनी, "कसं वाटलं, बाई?" असं विचारल्यावर तिनं आधी लेकीकडे पाहिलं. पण तिला राहवेना.

"त्या खडकापाशी तांबोशी आहे ना, तिचा डोळा धुरकट झालाय. कल्लेही भराभर हलताहेत. आजारी आहे ती."

डॉक्टर काचेला नाक लावून बघत राहिले. मग त्यांनी जाळं मागवलं. "आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही! कुठे शिकलात हे?"

"आमचं... दुकान आहे," आई पुटपुटली.

"मासळीबाजारात," नायेली मोठ्यानं म्हणाली. "मीही तिथेच शिकले. हिच्या हाताखाली."