सहा पानं आणि एक ओळ

"सर, एक ओळ बाहेर पडतेय," ती म्हणाली.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे पाहिलं. परिषदेचा नियम साधा होता. परिषदेच्या पुस्तकात छापायचा निबंध सहा पानांचा, एक ओळही जास्त नाही. जास्त झाला तर त्यांची वेबसाइट तो घेतच नसे. आणि इथं सातव्या पानाच्या माथ्यावर शेवटच्या संदर्भाची एक ओळ एकटीच बसली होती.

"काल बसला होता ना?"

"काल बसला होता. आज बसत नाहीये."

"या कॉम्प्युटरचं काही खरं नाही," सर म्हणाले.

पाच वाजता मुदत संपणार होती आणि तीन वाजून गेले होते. गेले दहा दिवस ती हेच करत होती. दोन रकाने, मोजून मापून समास, आकृत्यांखाली बारीक अक्षर, संदर्भात स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे. चार वर्षं विहिरी-विहिरींवर फिरून पाण्याचे नमुने गोळा करतानाही ती इतकी थकली नव्हती. पण थकून भागत नव्हतं. छापील निबंधावर नाव असल्याशिवाय प्रबंध जमा करता येत नसे, आणि तिचं पाचवं वर्ष चालू होतं.

घरी बाबांचंही तेच. बाबा छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. गावभरच्या लोकांची नावं त्यांनी शुद्ध करून छापली, घरातलं एकही कधी छापून आलं नाही. "एकदा तुझं बघितलं की डोळे मिटायला मोकळा," असं ते दर आठवड्याला म्हणत आणि मग पोटभर जेवत.

परवा त्यांनी निबंधाची प्रत मागून घेतली होती. विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लाल पेन्सिल हातात आली की बाबांना विषय लागत नसे. मजकूर ते वरून खाली वाचत आणि आकड्यांचे तक्ते खालून वर, म्हणजे सवयीनं नजर घसरत नाही. निबंधात तक्ते दोन होते. उन्हाळ्यातल्या पाण्याचा पहिला तिनं केलेला, पावसाळ्यानंतरचा दुसरा सरांनी परस्पर आणून दिलेला. दोन्हींवर बाबांनी लाल गोल काढून ठेवले. "बाबा, आकड्यांत कसलं आलंय शुद्धलेखन?" असं ती हसत म्हणाली होती, आणि मग ती प्रत घेऊन बराच वेळ खिडकीशी बसली होती.

"आभार काढू का, सर?"

"आभारात कुलगुरू आहेत."

"आकृतीखालची ओळ?"

"ती परीक्षकांनी घालायला लावलीय."

संदर्भांतले शेवटचे चार सरांच्याच जुन्या निबंधांचे होते. तिनं तिकडे बोट नेलं, सरांनी नुसतं बघितलं. तिनं बोट मागे घेतलं.

मग दोघांची नजर पहिल्या पानावर गेली. शीर्षकाखाली पाच नावं, प्रत्येकाला एक ओळ. पहिलं सरांचं. दुसरं विभागप्रमुखांचं, त्यांनी निबंध पाहिला नव्हता. तिसरं सरांच्या बायकोचं, त्यांनी विहिरी पाहिल्या नव्हत्या. चौथं सरांच्या एका मित्राचं, त्यांनी काय काय पाहिलं नव्हतं ते सांगत बसण्यात अर्थ नाही. आयत्या बिळावर असे चार नागोबा, आणि सगळ्यांत खाली ती.

"अगं, तुझं काय, अख्खं आयुष्य पडलंय," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "पुढच्या निबंधावर तुझं नाव पहिलं. शब्द देतो."

"पण सर, माझा प्रबंध..."

"एक वर्ष इकडे का तिकडे."

पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही. तिच्या आधीच्या एका विद्यार्थ्यानं सरांना तोंडावर 'नको' म्हटलं होतं. त्याचा प्रबंध अजून सरांच्या कपाटात होता आणि तो शिकवण्या घेत होता.

"तुम्हीच काढा, सर," ती शेवटी म्हणाली. "माझ्या हातानं नाही व्हायचं."

सरांना ते समजलं. खुर्ची पुढे ओढून त्यांनी पाचवं नाव पुसलं. सातवं पान नाहीसं झालं. "बघ, बसला की नाही?" ते म्हणाले. 'निबंधातल्या प्रत्येक आकड्याची जबाबदारी वरील लेखकांची आहे' या वाक्यापुढच्या चौकोनात त्यांनी न वाचताच खूण केली आणि निबंध पाठवून दिला.

ती घरी पोचली तेव्हा बाबा दारातच उभे होते.

"गेला?"

"गेला."

"आणि नाव?"

"काढलं. सरांनी, स्वतःच्या हातानं."

बाबा हळूच खुर्चीत बसले. "वर्ष गेलं गं तुझं."

"गेलं." आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. पण नुसता शीण आला होता, पायांपासून डोक्यापर्यंत.

तिनं पिशवीतून लाल गोलांची प्रत काढून टेबलावर ठेवली. पहिल्या तक्त्यावर तिनं बोट ठेवलं आणि वरून खाली नेलं. शेजारच्या दुसऱ्या तक्त्यावर बाबांचं बोट खालून वर जात होतं. चोवीस विहिरी, चोवीस आकडे. दशांशासकट तेच, फक्त उलटे.

"आता परिषदेच्या समितीला पत्र लिही," बाबा म्हणाले. "तिसऱ्या पानावरच्या त्या जादा शब्दाचा संशय नाही ना आला सरांना?"

"नाही. कॉम्प्युटरचं काही खरं नाही म्हणाले."

बाबांनी लाल पेन्सिल डबीत ठेवली. "अडतीस वर्षं लोकांच्या ओळी आत बसवल्या," ते म्हणाले. "मुद्दाम बाहेर काढली ती कालची एकच."