मरून टोपी

मरून टोपीवाला सहा नंबरच्या मैदानापाशी येऊन बसला, तेव्हा मार्सीनं तोंडातलं च्युइंगम कागदात गुंडाळलं आणि पाठ ताठ केली.

"आता किंचाळू नकोस," ती शेजारच्या योलांडाला म्हणाली. "आलाय तो."

"कोण?"

"कोण काय? युनिव्हर्सिटीचा माणूस. त्यांच्या संघासाठी मुली हेरायला आलाय."

चौदा वर्षांच्या मुलींच्या आईबापांशी या माणसांनी बोलायचं नाही, असा नियमच आहे. त्यामुळे त्यांना कुणी नाव विचारत नाही, कॉफी देत नाही. टोपी, काळा चष्मा आणि वही दिसली की ओळख पटली. आईबाप लांबूनच शहाण्यासारखं वागून दाखवतात.

इंडियानाच्या मक्याच्या शेतात उठवलेली ही सॉफ्टबॉलची सोळा मैदानं. बाजूच्या मैदानावर एक बाप लेकीचा फोटो छापलेला शर्ट घालून नाचत होता. असल्या लोकांचा मार्सीला मनापासून तिटकारा होता. पैसे ओततात आणि अकलेच्या नावानं शंख.

पैसे तीही ओतत होती. दोन वर्षांत वीस गावं झाली. आयोजक सांगतील त्याच हॉटेलात उतरायचं, नाहीतर संघ बाद. गाडी लावायचे पैसे, पोटच्या पोरीचा खेळ बघायला तिकीट. पण हा खर्च नव्हे, कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी गुंतवणूक, असं ती म्हणे. खर्च करत होती ती योलांडा. तिची मुलगी चेंडू टाकणारी, पण राखीव, म्हणजे बाकावर बसायची पूर्ण फी. शिवाय प्रत्येक स्पर्धेनंतर पुढच्या, आणखी महागड्या स्पर्धेचं 'खास आमंत्रण' संघातल्या दोन-चार घरांनाच येई. मार्सीला तीनदा आलं होतं, योलांडाला एकदाही नाही.

तिसरा डाव संपला आणि मार्सीची ब्रिन जाळीपाशी आली. दोन दिवसांतला हा तिचा पाचवा सामना. पाचही सामन्यांत चेंडू तिनंच टाकले होते.

"आई, खांदा दुखतोय. बोटं बधिर झालीत."

"हसून बोल," मार्सी स्वतः हसत म्हणाली. "बर्फ लावला होतास ना?"

"लावला गं. नाही थांबत."

"हे बघ, खालून चेंडू टाकला तर खांद्याला काही होत नाही. वरून फेकणाऱ्या पोरांचे खांदे जातात."

सॉफ्टबॉलच्या जगात हे सगळेच सांगतात. किती चेंडू टाकायचे याला म्हणूनच इथे कुणी मर्यादा घातलेली नाही. ज्यांनी आयुष्यात एक चेंडू टाकला नाही, ते तर फारच ठामपणे सांगतात.

"डग सरांना सांगू?"

"काही सांगू नकोस. तो बघतोय. आजचा दिवस काढ, मग महिनाभर लोळत पड. मी हाकसुद्धा मारणार नाही."

ब्रिननं एकदा मरून टोपीकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग ती मैदानात गेली.

"मार्सी, पोरीचा चेहरा बघ जरा," योलांडा म्हणाली. "बाहेर घे तिला."

"म्हणजे तुझी आत जाईल. हो ना?"



टोपीवाला वहीत काहीतरी लिहीत होता. मधूनच त्यानं मान वर केली आणि मैदानाकडे नाही, थेट मार्सीकडे पाहिलं. मार्सीला आतून गुदगुल्या झाल्या. प्रशिक्षक डगनं पहिल्याच बैठकीत बजावलं होतं की ही माणसं आधी आई पारखतात, मग मुलगी. भांडखोर आई दिसली की मुलीच्या नावावर काट मारतात. सकाळी हाच माणूस गाड्यांच्या रांगांमधून वही घेऊन हिंडताना तिनं पाहिला होता. तिची चंदेरी गाडी धुतलेली होती. मागच्या काचेवर नाव आणि शर्टाचा नंबर, 'ब्रिन १४', असं ठसठशीत लिहिलेलं होतं आणि त्याखाली गेल्याच आठवड्यात चिकटवलेलं 'हेझल ३'. धाकटी हेझल सात वर्षांची. तिला अजून बॅट पेलत नव्हती, पण नाव काचेवर चढलं होतं.

योलांडाकडे त्या माणसानं ढुंकूनही पाहिलं नाही. बिचारी, असं मार्सीला वाटलं आणि फार बरं वाटलं.

सहाव्या डावात ब्रिननं चेंडू सोडला आणि ती तिथंच खाली बसली. ओरडली नाही. उजवा हात डाव्या हातात धरून, तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी त्याच्याकडे बघत राहिली.

योलांडा पहिली धावली. मार्सीनं आधी टोपीकडे पाहिलं. त्या माणसानं शेवटची ओळ लिहिली, वही मिटली आणि तो चालू लागला.

"बर्फ आणा कुणीतरी!" डग मैदानातून ओरडला. "पटकन!"

बर्फाची पेटी फाटकाजवळच्या तंबूत होती, आयोजकांच्या. मार्सी धावत मागच्या बाजूनं आत शिरली. पेटीत हात घातला आणि टेबलावर पडलेली मरून टोपी तिला दिसली.

टोपीवाला तिच्याकडे पाठ करून खोक्यात हात खुपसून उभा होता. खोकं टोप्यांनी भरलेलं होतं. निळ्या, पिवळ्या, केशरी. सकाळी तिच्या मनगटाला तिकिटाची पट्टी बांधणारा आयोजक लॅपटॉपसमोर बसला होता.

"उद्या हिरवी घाल," आयोजक म्हणाला. "नऊ नंबरला बस, लहान पोरींच्यात. बरं, सहा नंबरचं सांग. खास आमंत्रण कुणाला पाठवू?"

"चंदेरी गाडी." त्यानं हिरवी टोपी डोक्यावर बसवून पाहिली.

"त्यांची पोरगी पडली ना आत्ता?"

"पोरगी संपली," तो म्हणाला. "पण आई पक्की आहे. आणि काचेवर अजून एक नाव आहे."